पंधराशे एक रुपये : पाचपाखाडीतल्या एका घरगुती शिवणकामाचा कर-हिशेब

जुलै २०२५ मधल्या एका संध्याकाळी मी ब्लाऊज आणायला खाली गेले, तर काकू शिवणयंत्रामागच्या भिंतीवरचं क्यूआरचं स्टिकर नखाने खरवडत होत्या. अर्धं निघालं होतं, अर्धं रंगाचे पोपडे घेऊन लोंबत होतं. "अगं, बंगळुरात नोटिसा आल्यात म्हणे," त्या म्हणाल्या. "भाजीवाल्याला, चहावाल्याला. आता मी रोखच घेणार."

बातमी खरी होती. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या होत्या आणि तिथल्या दुकानांत "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या होत्या. काकूंना मात्र कुणाचंही पत्र आलेलं नव्हतं. त्यांनी आपलं पासबुक उघडून वर्षाच्या जमेची बेरीज केली, ती वीस लाखांच्या वर गेली, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

मी ठाण्यात नौपाड्याला एका सीएंच्या कार्यालयात हिशेब लिहिते. मी स्वतः सीए नाही. निर्णय सरांचे, खटपट माझी. काकू आमच्याच इमारतीतल्या, म्हणून हे काम कार्यालयात कमी आणि त्यांच्या हॉलमध्ये, अस्तराच्या कापडांच्या ढिगात बसून जास्त झालं. काकूंना विचारून लिहितेय, नाव तेवढं सांगणार नाही.

काकूंचा धंदा तिपेडी आहे. पहिला पेड शिलाईचा : ब्लाऊज, फॉल-पिको आणि मुख्य म्हणजे शिवलेली नऊवारी. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, हवी तशी. दुसरा भाड्याचा : घरात अडतीस तयार नऊवार्‍या आहेत, मंगळागौर, गौरी-गणपती आणि पाडव्याच्या शोभायात्रेला त्या भाड्याने जातात. डोंबिवलीने १९९९ मध्ये नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पुढे ठाण्यातही कौपिनेश्वराची यात्रा दिमाखात निघू लागली, त्यावर आमच्याकडे कितीतरी बायकांची यंत्रं चालतात हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. तिसरा पेड बारीक, काकूंच्या लेखी नगण्यच : स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या साड्या त्या घरी आलेल्या गिर्‍हाइकांना दाखवतात. साडी खपली की बिल दुकानाच्या नावाने फाटतं, पैसे काकू गोळा करून दुकानाला पाठवतात आणि दर तिमाहीला दुकान काकूंना काहीतरी देतं.

आदल्या वर्षापर्यंत नफा दोन-सव्वादोन लाखांच्या आत असायचा, त्यामुळे विवरणपत्र कधी भरलं नव्हतं. २०२४-२५ मध्ये शोभायात्रेच्या एका मोठ्या महिला पथकाचं काम मिळालं आणि वर्ष उसळलं. "घरगुती उद्योगाला कर नसतो ना? आणि बायकांना सूट असते ना?" हे दोन्ही प्रश्न काकूंनी पहिल्याच दिवशी विचारले. धंदा घरात चालतो की गाळ्यात, याने कर बदलत नाही. बायकांसाठी पूर्वी करमुक्त मर्यादा खरंच थोडी जास्त होती, पण आर्थिक वर्ष २०१२-१३ पासून तो फरक गेला. बारा-तेरा वर्षं झाली, तरी ही समजूत हळदीकुंकवाच्या वाणासारखी घरोघर फिरते आहे.

आता ती झोप उडवणारी बेरीज. काकूंच्या बचत खात्यात वर्षभरात १७,६०,४८० रुपये जमा. काकांच्या खात्यात, पेन्शन वगळून, ४,१८,००० जमा, कारण दार उघडायला काका गेले की गिर्‍हाईक काकांच्या मोबाइलवरच पैसे टाकतं. दोन्ही मिळून २१,७८,४८०. वहीत लिहिलेली रोख १,४६,०००. एकूण २३,२४,४८० रुपये. ज्यांच्या कामात सेवा आहे त्यांना जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची. निव्वळ माल विकणार्‍यांना महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत मोकळीक आहे, पण शिलाई आणि भाडं ही सेवा, म्हणून काकूंना ती लागू नाही. म्हणजे पासबुकावर विश्वास ठेवला तर काकू मर्यादा ओलांडून बसल्या होत्या.

पण खात्यात आलेला पैसा आणि धंद्याची उलाढाल यांत फरक असतो, आणि तो शोधण्यात आमचे तीन रविवार गेले. मी खात्यांचे उतारे छापून आणले, काकूंनी टेलरिंगचे खडू काढले. पिवळा म्हणजे धंद्याचा, निळा म्हणजे दुसर्‍याचा, गुलाबी म्हणजे घरचा. खडू कागदावर नीट उठत नाही, पण काकूंच्या हाताला तोच सवयीचा.

काही नोंदी पटकन निघाल्या. पुण्याची लेक दरमहा दहा हजार पाठवते, ते १,२०,०००. मुदत ठेव मोडली त्याची मुद्दल १,५०,०००. भिशी लागली ६०,०००. काकू दरमहा पाच हजार भरत होत्या, तेच परत आले. महिला मंडळाच्या सहलीचे पैसे काकूंकडे जमले ४२,०००. ठेवीचं आणि बचत खात्याचं व्याज १४,०००. आणि काकांच्या खात्यातून काकूंच्या खात्यात वळवलेले १,३३,०००, जे बेरजेत दोनदा मोजले गेले होते. काकू हसल्या : "एकच कापड दोनदा मोजलं की गं!"

साड्यांचे पैसे त्याहून मोठे निघाले. ४,६६,००० रुपये काकूंच्या खात्यात येऊन जसेच्या तसे दुकानाला गेले होते. बिल दुकानाचं, माल दुकानाचा, त्यामुळे ती उलाढालही दुकानाची.

खरं अडलं ते अनामतीपाशी. भाड्याच्या नऊवारीवर काकू १,५०० रुपये अनामत घेतात आणि साडी धडधाकट परत आली की परत करतात. वर्षात दीडशे वेळा नऊवारी भाड्याने गेली, म्हणजे २,२५,००० रुपये अनामत आली. पण साधी नऊवारी शिवण्याची मजुरीही १,५०० च! उतार्‍यात नुसतं एखाद्या बाईचं नाव आणि १,५०० रुपये. ही मजुरी की अनामत? नाव बहुतेक वेळा नवर्‍याचं किंवा मुलाचं. शेरा रिकामा, नाहीतर साडीचं चित्र.

इथे कामी आली काकूंची मापांची वही. दोनशे पानी, कडा तेलकट झालेल्या. छाती, कंबर, उंची, काष्ट्याची लांबी, आणि समासात काकूंची खूण : शिलाई असेल तर सुई, भाडं असेल तर एक गोल. तारीख आणि वार प्रत्येक पानावर. आम्ही एकेक नोंद वहीशी जुळवली. वहीत गोल सापडला की पुढे अनामत परत गेल्याची नोंद खात्यात शोधायची. कामाला बसताना मला ही वही बावळट वाटली होती. दुसर्‍या रविवारी मी सरांना फोन करून सांगितलं की हिच्यापेक्षा चांगलं रोजखातं मी आपल्या कार्यालयात पाहिलेलं नाही.

एकूण अनामतीपैकी २,१९,००० परत गेली. ६,००० काकूंनी कापून घेतली, कुणाचा काठ फाटला, कुणी हळद लावून आणली. हे सहा हजार उत्पन्न. आणि एक गंमत : २०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. त्या दिवशी चौतीस नऊवार्‍या बाहेर होत्या. सोमवारी, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी, बाराच परत आल्या. बावीस जणींचे ३३,००० रुपये ३१ मार्चला काकूंच्या खात्यात पडून होते, एप्रिलमध्ये परत गेले. पासबुक पाहणार्‍याला ते मार्चचं घबाड वाटेल. प्रत्यक्षात ते देणं होतं.

सगळी चाळणी झाल्यावर घरचे आणि दुसर्‍यांचे मिळून १२,०४,००० रुपये बाजूला निघाले. शिलाई, भाडं आणि कापलेली अनामत यांचे खात्यावरचे ९,३०,००० उरले. रोख १,४६,००० धरून धंद्याची जमा १०,७६,०००. जीएसटीच्या मर्यादेपासून काकू चांगल्या लांब होत्या. त्यांनी उठून चहा टाकला. साखर जास्त पडली होती, पण मी काही बोलले नाही.

हिशेब जुळवताना खात्यावरचे ४४,४८० रुपये मात्र कुठल्याच रंगात बसेनात. दर तिमाहीला साडीच्या दुकानातून आलेली, विचित्र मोडतोडीची रक्कम. आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडलं तेव्हा उलगडा झाला. दुकानाने काकूंच्या पॅनवर ४६,००० रुपये दलाली दाखवून १,५२० रुपये टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच वळता करायचा आयकर, कापला होता. सप्टेंबर २०२४ पर्यंत दर ५ टक्के होता, ऑक्टोबरपासून २ टक्के झाला, म्हणून आकडा असा वाकडा. काकू दुखावल्याच. "मी दलाली नाही खात. ते मला प्रेमाने देतात." प्रेमावर टीडीएस कापत नाहीत, हे समजावताना मला हसू आवरेना.

या छोट्या रकमेने प्रकरणाची दिशा बदलली. तोवर चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी काकूंना सल्ला दिलाच होता : "आयकरातलं कलम ४४एडी लावा. डिजिटल जमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के नफा दाखवा, वह्या नकोत, बिलं नकोत, विषय संपला." हिशेब बरोबर होता. ९,३०,००० चे ६ टक्के ५५,८००, १,४६,००० चे ८ टक्के ११,६८०. मिळून नफा ६७,४८०. इतक्या उत्पन्नावर विवरणपत्रसुद्धा लागत नाही. पण दोन ठिकाणी शिवण उसवत होती.

पहिली, ४४एडी दलालीचं उत्पन्न असणार्‍या व्यक्तीला लागू होत नाही. कलमाची भाषा व्यक्तीबद्दल आहे, नुसत्या दलालीच्या रकमेबद्दल नाही. म्हणजे दलाली वेगळी काढून उरलेल्या शिलाईला ४४एडी लावू, ही पळवाट धोक्याची. सरांनी स्पष्ट सांगितलं : "४६ हजारांसाठी वाद ओढवून घ्यायचा नाही. वह्या लिहा, आयटीआर-३ भरा." म्हणजे धंद्याच्या पूर्ण हिशेबाचं विवरणपत्र.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती कलमापेक्षा माणसांच्या डोक्यात अडकलेली आहे. ६ आणि ८ टक्के हा किमान आकडा आहे. त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, असं कलमातच आहे. शिलाईच्या धंद्यात मजुरी आपल्याच हातांची असते, तिथे नफा ६ टक्के कसा असेल? काकूंचा प्रत्यक्ष खर्च आम्ही काढला : कापड, अस्तर, काठ आणि लेस ३,४२,०००. हुक-बटण आणि हातशिलाईला येणार्‍या दोघी जणींची मजुरी, प्रत्येकी महिना ७,००० प्रमाणे १,६८,०००. ड्रायक्लीनिंग आणि इस्त्री ३८,०००. यंत्रदुरुस्ती आणि विजेचा धंद्यापुरता वाटा ३५,०००. पोहोचवणं, रिक्षा, लोकलचा पास २२,०००. यंत्रांचा घसारा ९,०००. एकूण ६,१४,०००. नफा उरला ४,६२,०००.

काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे कर किती?"

नफा ४,६२,०००, दलाली ४६,०००, व्याज १४,०००. एकूण उत्पन्न ५,२२,०००. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत काही नाही, पुढे ७ लाखांपर्यंत ५ टक्के. म्हणजे २,२२,००० वर ११,१००. आणि एकूण उत्पन्न ७ लाखांच्या आत असल्याने कलम ८७एखाली तेवढीच सूट. देणं शून्य. वर कापलेले १,५२० परत मिळणार.

काकू बराच वेळ त्या शून्याकडे बघत राहिल्या. खरा नफा दाखवूनही कर शून्य आणि चौथ्या मजल्याच्या सल्ल्यानेही शून्य. मग ६७ हजार दाखवून वाचत काय होतं? उलट जात होतं बरंच. काकूंना कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं यंत्र घ्यायचंय, पावणेतीन लाखांचं, मुद्रा योजनेतल्या किशोर गटाचं कर्ज काढून. बँकेत साहेबांनी पहिलाच प्रश्न केला होता तो विवरणपत्राचा. वर्षाला ६७ हजार कमावणार्‍या बाईला पावणेतीन लाख कोण देईल? कर चुकवण्याच्या बेतात आपण कधीकधी आपलीच पत कापतो, आणि कात्री कुठे चालली ते कर्जाच्या अर्जापर्यंत कळत नाही. माझ्या टेबलावर असे कागद दर वर्षी येतात आणि दर वर्षी मी चिडते.

कागदांची बाजू मात्र लंगडी होती. मंगळदास मार्केटमधून आणलेल्या कापडाची बिलं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात होती. त्यातली निम्मी त्या गुळगुळीत कागदावरची, अक्षरं उडून कोरी झालेली. काही तर नुसत्या चिठोर्‍या, "२४ मी. अस्तर" एवढंच. जिथे पैसे यूपीआयने गेले होते तिथे खातं साक्षीला होतं. जिथे रोख गेली आणि बिल कोरं झालं, तो खर्च सरांनी धरलाच नाही. वर दिलेल्या ३,४२,००० मध्ये तो नाही. काकूंच्या मते तो चाळीस-पन्नास हजारांचा तरी असेल. मदतनीस दोघींची मजुरी रोखीत जायची, पण त्यांच्या हजेरीच्या वहीत सह्या होत्या, हे नशीब. विजेचं बिल काकांच्या नावावर आणि घरातला फ्रीज-टीव्ही त्यातच. एप्रिल-मेमध्ये यंत्रं बंद होती त्या पंधरवड्याचं बिल आणि इतर महिन्यांची बिलं ताडून आम्ही धंद्याचा वाटा धरला. सरांनी तो आणखी थोडा खाली आणला.

हिशेब रोख पद्धतीने लिहिला, म्हणजे पैसा हातात आला तेव्हा जमा, हातून गेला तेव्हा खर्च. लग्नसराईच्या मागणीचे मार्चमध्ये आलेले आगाऊ पैसेही त्याच वर्षात धरले. काकूंना ही पद्धत समजते, आणि ज्याचा हिशेब त्याला समजत नाही तो पुढच्या वर्षी टिकत नाही.

मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली होती. लोक निवांत झाले, काकूंना मात्र याचा काडीचा उपयोग नव्हता. श्रावण २५ जुलैला लागला, पहिली मंगळागौर २९ ची, मग गणपती २७ ऑगस्टला, गौरी, आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. करांचा हंगाम आणि नऊवारीचा हंगाम एकमेकांच्या उरावर. अडतीसच्या अडतीस साड्या बाहेर, घरात फोन अखंड. शेवटी ९ सप्टेंबरला, गणपती गेल्यावर, आम्ही विवरणपत्र भरलं. पडताळणीचा ओटीपी येईना. काकूंचं आधार काकांच्या जुन्या नंबरशी जोडलेलं, आणि काका तो फोन घरी ठेवून तलावपाळीला फिरायला गेलेले. फोन देवघरात सापडला. ओटीपीची वेळ तोवर संपली, दुसरा मागवला.

पुढच्या वर्षासाठी काय बदललं, ते थोडक्यात. धंद्यासाठी काकूंच्या नावाने वेगळं चालू खातं उघडलं. भिंतीवर त्याचाच क्यूआर लागला, आणि काकांच्या फोनच्या पाठीवरही तोच चिकटवला. साडीचं गिर्‍हाईक आता दुकानाच्याच क्यूआरवर पैसे टाकतं, काकूंच्या खात्याला ते शिवत नाहीत. दलाली सोडायची का, साड्या स्वतः विकत घेऊन विकायच्या का, हेही सरांनी मांडलं. तसं केलं तर ४४एडीची वाट मोकळी होते. काकूंनी नकार दिला. "माल घरात अडकला की जीव अडकतो." वह्या लिहिणं त्यांना परवडतं, साठा नाही. बिलं आली की त्याच दिवशी फोटो. एका दलालाने उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे, दीड हजार मागितले होते. ती पोर्टलवर फुकट होते, मी वीस मिनिटांत करून दिली.

आणि अनामत. ही युक्ती सर्वस्वी काकूंची. त्यांनी अनामत १,५०१ रुपये केली. गिर्‍हाइकाला वाटतं शुभ आकडा आहे, कुणी प्रश्न विचारत नाही. उतार्‍यात १,५०१ दिसलं की अनामत, १,५०० दिसलं की मजुरी. जे काम आम्ही तीन रविवार केलं, ते एका रुपयाने होतं. सरांनी हे ऐकून चष्मा काढून पुसला.

२०२५-२६ साठी सूट १२ लाखांच्या उत्पन्नापर्यंत गेली, त्यामुळे यंत्र आलं आणि काम वाढलं तरी काकूंना इतक्यात कर बसेल असं दिसत नाही. पण वर्षाचं देणं दहा हजारांवर गेलं तर आगाऊ कराचे हप्ते आलेच, म्हणून दर तिमाहीला मी बेरीज पाहते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू. २०२५-२६ चं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याखाली जाईल, हे काकूंना दोनदा सांगावं लागलं.

२०२६ चा पाडवा १९ मार्चला आला, वर्ष संपायला बारा दिवस असताना. ३१ मार्चच्या रात्री मी खाली गेले तेव्हा काकू वही बंद करून बसल्या होत्या. चालू खात्यात अनामतीची एकच नोंद शिल्लक होती.

"कोण राहिलीय?" मी विचारलं.

"कळव्याची ती. मस्तानी नेलीय, फोनच उचलत नाही." काकूंनी समासातल्या गोलावर पेन्सिलीचं टोक ठेवलं. "ही पंधराशे एकची नोंद पुढच्या वर्षात न्यायची ना गं? आणि साडी परत आलीच नाही, तर कुठल्या वर्षात धरायची?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी तिला पुन्हा फोन लावला होता.